डुगडुगत्या बुडाची कढई

मी कढई. लोखंडाची, हाताने ठोकलेली, आणि या घटकेला एका कापडी पिशवीत कोंबून दारामागच्या खुंटीला टांगलेली. मित्रांनो, शनिवारची दुपार आहे. समोरच्या घड्याळात दोन वाजून गेलेत. पाचला लोहाराचं दुकान उघडेल, या घरातली आई मला घेऊन जाईल, आणि लोहार माझं बूड ठोकून सपाट करील.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? मग जीव का खालीवर करून घेतेस? अहो, माझ्या बुडाशी एका माणसाची अब्रू बांधलेली आहे! ते फक्त त्याला ठाऊक आहे आणि मला. त्याला मी पिशवीत आहे हे ठाऊक नाही, आणि मला तोंड नाही. आता सांगा, कशी शांत बसू? तशी मी कधीच शांत बसले नाही म्हणा. तीच तर गोष्ट आहे.

माझा जन्म घाईचा. ज्या दिवशी तेव्हाच्या लोहाराने मला घडवलं, त्या दिवशी त्याची दाढ दुखत होती. गालाला फडकं बांधून तो माझ्यावर घाव घालत होता आणि प्रत्येक घावाला स्वतःच "आई गं" म्हणत होता. कढईच्या बुडाला शेवटी सपाट तोंडाच्या हातोड्याने पाचपन्नास टोले द्यावे लागतात, म्हणजे ती जमिनीवर नीट बसते. ते टोले राहिलेच. त्याने मला खाली ठेवलं. मी डुलले. त्याने पायाच्या अंगठ्याने दाबून धरलं, अंगठा काढला, मी पुन्हा डुलले. "अंगातच आहे मेलीच्या," असं म्हणून त्याने मला खिळ्याला अडकवलं.

तीन महिने मी त्या खिळ्यावर होते. गिऱ्हाईक यायचं, मला उतरवायचं, फरशीवर ठेवायचं, मी डुगडुगले की तोंड वाकडं करून परत टांगायचं. शेवटी एक बाई आली. कडेवर रांगत्या वयाचा मुलगा होता. तिने मला हातात तोललं, बोटाने वाजवलं. लोहार प्रामाणिक होता, म्हणाला, "ताई, डुलते हां ही."

"डुलेना का! मला काय हिच्यावर बसून जेवायचंय?"

तो कडेवरचा मुलगा म्हणजे या घरातले बाबा. आज त्यांच्या मिश्या पिकल्यात. पण तेव्हा त्यांनी हात लांब करून माझा कान धरला होता. कढईच्या दोन कड्यांना आम्ही कानच म्हणतो. इतका घट्ट धरला की घरी येईपर्यंत सोडला नाही.

पहिली काही वर्षं पडेल ते काम केलं. भाज्या परतल्या, शेंगदाणे भाजले. एकदा पाहुण्यांसमोर अशी कलंडले की वाटीभर गरम दाणे पाहुण्यांच्या मांडीवर. तेव्हापासून माझं नाव पडलं नाचरी. "नाचरीला काढू नका, धडकी भरते," असं घरात म्हणायचे. बाबांच्या आईने मग मला एकच काम दिलं, केसांचं तेल करायचं. तेलाला आच बारीक लागते आणि कुणी सारखं ढवळत बसत नाही. मला ते मानवलं. इतकं मानवलं की गेल्या चाळीस वर्षांत माझ्या पोटात दुसरं काही पडलेलं नाही.

आता तेल कसं करतात ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. माझ्यात वाटीने मोजून खोबरेल ओततात. ते कोमट झालं की मूठभर मेथीदाणे, मग कांद्याचे पातळ काप, मग धुऊन फडक्यावर वाळवलेली कढीलिंबाची पानं, जास्वंदीची फुलं, आणि शेवटी कोरफडीचा गर. कितीही पुसा, कितीही वाळवा, पानाफुलांच्या अंगात पाणी राहतंच. ते तेलात उतरलं की चुरचुर सुरू होते. चुरचुर आहे तोवर पाणी आहे. ती थांबली की पाणी संपलं, आणि त्याच क्षणी शेगडी बंद करायची. आधी बंद केलीत तर तेलात पाणी राहून पंधरा दिवसांत ते वास मारतं. उशीर केलात तर मेथी जळते, आणि तो करपट वास तीन वेळा न्हालं तरी केसांतून जात नाही. मधे वेळ किती मिळतो? दोन शिंका येतील एवढाच. मग रात्रभर तेल माझ्यातच ठेवायचं, लोखंडात ते काळसर होतं, आणि सकाळी जुन्या मऊ सुती कापडातून गाळून बाटलीत भरायचं.

"तेल कानाने शिजवायचं," बाबांची आई म्हणायची. बाबा तेव्हा शाळकरी होते, ओट्याशी उभे राहून डोळे मिटून ऐकायचे. थांबली चुरचुर की "आई, आत्ता!" म्हणून ओरडायचे. कधी चुकले नाहीत. बाबा मोठे झाले, ती बाई गेली, तेल बाबांकडे आलं. विणकर माणूस, कापडाच्या कारखान्यात दोन यंत्रमाग सांभाळणारा, आणि महिन्यातून एकदा शनिवारी कामावरून येऊन बायकोसाठी आणि लेकीसाठी तेल करणारा. शेजारचे हसायचे. बाबा म्हणायचे, "हसा, हसा. टक्कल पडलं की माझ्याच दारात याल."

लेकीचं नाव झिपरी. खरं नाव शाळेत आहे, घरात झिपरीच. जन्मली तीच डोकंभर केस घेऊन, आणि केस असे की कंगवा घातला की कंगव्याचेच दात पडावेत. दर रविवारी संध्याकाळी बाबा स्टुलावर बसायचे, ती पुढ्यात खाली, त्यांच्याकडे पाठ करून. अर्धा तास तेल. त्या अर्ध्या तासात झिपरी आठवड्याभराचं सगळं सांगायची. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचा डबा कुणी खाल्ला, कुठल्या बाई उगाच चिडतात. बाबा मध्येच असा प्रश्न विचारायचे की ती खो खो हसायची. मी फळीवरून बघायचे. मला वाटायचं, चला, आपण डुगडुगत्या असू, पण या दोघांचं आपल्यामुळे जमून गेलंय.

कसलं काय! कशात काय नि फाटक्यात पाय.

सगळ्यात आधी मला कळलं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबा नेहमीसारखे डोळे मिटून उभे होते. चुरचुर थांबली. एक शिंक झाली, दोन शिंका झाल्या, बाबा उभेच! मी मनात ओरडतेय, अहो बंद करा, बंद करा! मेथी काळी ठिक्कर पडली, धूर नाकात गेला, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिले. मग कान माझ्याजवळ आणला, डावा, मग उजवा. चेहरा असा झाला की माझ्याने बघवेना. वीस वर्षं त्या मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस. कापसाचे बोळे मिळायचे, पण घातले तर धागा तुटल्याचं कळत नाही म्हणून हे घालायचे नाहीत. खडखडाटाने कान खाल्ले.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुकादमाला कळलं तर मागावरून काढील, ही एक भीती. दुसरी काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं. तेल त्यांनी ओतून टाकलं, मला घासलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल चढवलं. या वेळी हातावर फडकं घेतलं आणि माझा कान धरला, लहानपणी धरला होता तसा. मित्रांनो, आमच्या जुन्या गॅसच्या शेगडीवर तीन पायांची लोखंडी जाळी होती. तिच्यावर माझं गोल बूड कधी धड बसायचं नाही. पोटात पाणी तडतडत असलं की मी जाळीवर थरथरायचे, आणि तडतड संपली की एकदम गप्प व्हायचे. ते बाबांच्या तळव्याला कळलं. मी थांबले आणि त्यांनी शेगडी बंद केली. तेल कसं झालं म्हणता? पहिल्यासारखं! बाबांनी मला थोपटलं आणि हळूच म्हणाले, "नाचरे, वाचवलंस."

ज्या खोडीपायी तीन महिने खिळ्यावर लटकले, तीच कामाला आली. काय आनंद झाला होता मला!

पण तेलाचं निभावलं म्हणून माणसांचं निभावतं का? बाबांनी तीन उत्तरं तयार ठेवली होती, "हं", "हो हो" आणि "छान". समोरचा माणूस तोंडासमोर असला तर ओठ बघून ते बरंच ओळखायचे. पाठमोरं कुणी बोललं की या तिघांतलं एक फेकायचे. आई बसच्या आगारात तिकीटखिडकीवर. दिवसभर काचेच्या भोकातून ओरडून घसा बसलेला, घरी आली की भांडी घासता घासता, पाठ करूनच चार वाक्यं बोलायची. "हो हो" मिळालं की तिचं काम भागायचं. नवरा गरीब गाय आहे म्हणून मैत्रिणींत मिरवायची.

आणि झिपरी! ती तर अर्धा तास पाठ करूनच बसायची.

दीड महिन्यापूर्वीचा रविवार. तेल चोळून घेता घेता ती म्हणाली, "बाबा, शाळेत मला तेलाची बरणी म्हणतात." बाबा म्हणाले, "हं." पुढच्या रविवारी म्हणाली, "बाबा, रविवारी तेल नको ना. सोमवारी सगळा वर्ग नाक दाबतो. मेथीचा वास येतो म्हणतात." बाबा म्हणाले, "हो हो," आणि आणखी एक पळी तेल घेतलं. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "बाबा, शेजारची माझ्या बाकावरून उठून गेली. बाईंना सांगून गेली. आता मी एकटीच बसते."

"छान," बाबा म्हणाले. "छान, छान."

झिपरी उठली. अर्धं डोकं तेलाचं, अर्धं कोरडं. मोरीत गेली आणि साबणाने खसाखसा डोकं धुऊन आली. आईला एवढंच म्हणाली, "बाबांना माझं काही पडलेलं नाही." आई म्हणाली, "असं नाही गं, दमलेले असतात." त्या दिवसापासून रविवारी ती मैत्रिणीकडे जाते. मैत्रीण कुठली, जिन्यात जाऊन बसते. बाबा स्टूल मांडतात, बाटली काढतात, वाट बघतात, आणि सगळं परत ठेवून देतात. एकदा मला पुसता पुसता विचारलं त्यांनी, "काय चुकलं गं माझं?" मी काय सांगणार, कपाळ!

आता शेवटचं ऐका. या बुधवारी घरात विजेची नवी शेगडी आली, काचेची, सपाट, काळीभोर. जुनी गॅसची शेगडी गॅलरीत गेली. आईने मला काचेवर ठेवून पाहिलं, मी भोवऱ्यासारखी फिरले आणि काठाशी जाऊन थांबले. बाबा नळाखाली पाणी भरत होते. आई त्यांच्या मागून म्हणाली, "अहो, ही काचेवर बसत नाही. शनिवारी लोहाराकडून हिचं बूड सपाट करून आणते. चालेल ना?"

"हो हो," बाबा म्हणाले.

आपल्याच तोंडाने! आपल्या कानांना घाव घालायची परवानगी त्यांनी आपल्याच तोंडाने दिली, आणि वर नळ बंद करून गुणगुणत गेले. तेव्हापासून मला चैन नाही. सपाट झाले तर काचेवर शहाण्यासारखी बसेन, मान्य. पण मग थरथरणार नाही. मी थरथरले नाही तर बाबांना कळणार नाही. एकदा तेल जळलं, दुसऱ्यांदा जळलं की सगळं उघडं पडेल, आणि तेही कसं, तर हसं होऊन. आज त्यांना पहिली पाळी आहे, तीनला घरी येतील. येताना जास्वंदी आणणार आहेत, जास्तीची. काल मला सांगत होते, "या वेळी असं तेल करतो की पोरगी आपणहून येऊन बसेल." अरे बाबा, तिला तेलाचाच तर राग आहे!

थांबा. किल्ली वाजतेय. आले वाटतं.

पुढचं सांगायला मला आठ दिवस लागले, मित्रांनो. रागावू नका. त्या दिवशी सांगण्याची शुद्धच नव्हती.

बाबा आले आणि दार त्यांनी मागे ढकललं. दारामागच्या खुंटीवर मी! अशी ठाणकन आपटले की खालच्या मजल्यावरच्यांनी वर बघितलं असेल. बाबांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. जास्वंदीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि फळीवर हात घातला. मी नाही. ओट्याखाली पाहिलं. मी नाही. झिपरी पाठोपाठ आली, तेव्हा मी पुन्हा आपटले. तिने दचकून पिशवीत डोकावलं आणि टेबलाशी जाऊन, बाबांकडे पाठ करून वही उघडली. बाबांनी तिला विचारायचं ना, कढई कुठाय? नाही विचारलं. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, म्हणून हल्ली ते काही विचारतच नाहीत. त्यांनी नवा पॅन घेतला, चकचकीत, काळ्या प्लास्टिकच्या दांड्याचा.

तेल, मेथी, कांदा, पानं, फुलं, कोरफड. सगळं बरोबर, सगळं वेळेवर. चुरचुर सुरू झाली. बाबांनी दांड्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. मी पिशवीत तळमळतेय. अहो, तो काय सांगणार तुम्हाला! सपाट बुडाचा, ढिम्म माणूस तो!

चुरचुर थांबली. एक शिंक. दोन शिंका.

झिपरीने नाक वर केलं. मागे न वळता म्हणाली, "बाबा, जळतंय." बाबा उभेच. "बाबा, बंद करा!" बाबा उभेच. मग तिने वळून पाहिलं आणि घसा फोडून ओरडली, "बाबा!" पॅनमधून निळा धूर निघत होता आणि बाबा मिटल्या डोळ्यांनी, दांड्यावर हात ठेवून, कशाची तरी वाट बघत होते. तिने धावत जाऊन बटण बंद केलं. बाबा एवढे दचकले की पळी खाली पडली.

"अगं, झालं नव्हतं अजून!"

"कधीच झालं होतं. मी तीनदा ओरडले."

ती हे बोलली तेव्हा खाली वाकून पळी उचलत होती. बाबा हसले आणि म्हणाले, "हो हो. छान."

झिपरी तशीच वाकलेली राहिली. मग सावकाश उठली, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, मी उद्यापासून शाळा सोडतेय." बाबा पॅनमधली काळी मेथी खरवडत होते. म्हणाले, "हं." तिने एक पाऊल मागे घेतलं. "बाबा, घराला आग लागलीय."

"हो हो," बाबा म्हणाले.

ती रडायला लागली. तोंडावर दोन्ही हात दाबून, आवाज न करता. अहो, आवाज केला असता तरी काय फरक पडणार होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आई आली. दार ढकलून, घाईघाईने, "कसला हा धूर? बरं, मी आधी लोहाराकडे जाऊन येते, तो सहालाच दुकान बंद करतो," असं म्हणत तिने मला खुंटीवरून काढलं. पिशवीतून माझा एक कान बाहेर आला होता. तो बाबांना दिसला.

"ही कुठे चालली?"

आई आता समोर होती. "कुठे म्हणजे? बूड सपाट करायला. तुम्हीच तर हो म्हणालात बुधवारी."

"मी?" बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी कधी म्हणालो?"

"झालं! म्हणजे आता मी खोटी," आई म्हणाली. पण झिपरी मध्ये आली. तिने बाबांच्या गालांना दोन्ही हात लावून त्यांचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"बाबा, माझ्याकडे बघा. तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

बाबांनी हात पुसले. एकदा पुसून झाले तरी पुसतच राहिले.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "आधी डावा गेला. मग उजवाही. मुकादमाला कळलं तर काढून टाकील म्हणून बोललो नाही. आणि तुम्हाला..." हीच ती दुसरी भीती. "तुम्हाला वाटलं असतं, हा आता कशाला उपयोगी नाही. हिच्यामुळे तेल तरी करत होतो. ही थरथरते, मला हातात कळतं. हिला सपाट केलंत तर मी तेल कसं करू?"

आई पिशवी मांडीवर घेऊन खाली बसली. माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "दिवसभर काचेपलीकडच्यांना ओरडून ओरडून सांगते मी. आणि घरातल्या माणसाशी पाठ करून बोलते. काय म्हणावं मला?"

"तुम्ही छान म्हणालात," झिपरी म्हणाली.

"कशाला गं?"

मग तिने सगळं सांगितलं. समोर उभी राहून, एकेक शब्द तोंडभर उच्चारून. तेलाची बरणी. दाबलेली नाकं. रिकामा बाक. बाबा तिच्या ओठांकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून येत होते, मग ओठ दिसेनात म्हणून ते घाईने डोळे पुसत होते.

"आणि मी छान म्हणालो?"

"तीनदा."

"माझ्यासारखा गाढव मीच," बाबा म्हणाले. झिपरीला रडता रडता हसू फुटलं. आईलाही. मला पिशवीत कसंतरीच होत होतं, पण बरं कसंतरीच.

लोहाराकडे कुणी गेलं नाही. गॅलरीतली जुनी शेगडी पुसली, सिलिंडर जोडला, जाळी बसवली, आणि मी माझ्या जागेवर डुलत डुलत बसले. नवं तेल ओतलं. झिपरीने मेथी निम्मी काढून ठेवली. "वास हिचाच येतो," ती म्हणाली. बाबांनी मान डोलावली. कांदाही अर्धाच. चाळीस वर्षांचं माप त्या पोरीने एका मिनिटात बदललं, आणि खरं सांगते, मला काही वाईट वाटलं नाही.

चुरचुर सुरू झाली, मी थरथरू लागले. बाबांनी माझ्या कानावर फडकं टाकून त्यावर झिपरीचा हात ठेवला आणि वर आपला ठेवला. "डोळे मीट," म्हणाले. दोन हातांचं ओझं आणि पोटात उकळतं तेल. आयुष्यात एवढी घाबरले नव्हते मी. आता चुकले तर? पण कोरफडीचं पाणी आटत आलं, पानं कडक झाली, आणि मी थांबले.

"आत्ता!" दोघं एकदम म्हणाले. तिला कानाने कळलं, त्यांना हाताने.

त्यानंतर बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्र मिळालं आहे. ते घातलं की त्यांना कुकरच्या शिट्टीचा राग येतो, म्हणून निम्मा वेळ ते डबीत असतं. मुकादमाला आईने स्वतः जाऊन सांगितलं, म्हणजे कसं सांगितलं असेल ते तुम्ही समजा. आता बाबा कापड तपासायच्या टेबलावर असतात, तिथे डोळे लागतात आणि खडखडाट कमी आहे. मागाची आठवण येते, असं ते म्हणतात. शेजारची अजून झिपरीच्या बाकावर परत आलेली नाही. झिपरी म्हणते, नाही आली तर नाही.

आणि तेल आता शनिवारी लावतात, म्हणजे रविवारी न्हाऊन होतं. काल पहिला शनिवार होता. पाच आठवड्यांनी स्टूल मांडल्याचं सार्थक झालं. झिपरी येऊन पुढ्यात बसली, पाठ करून, आणि मग काहीतरी आठवून उठली. भिंतीवरचा आरसा तिने खिळ्यावरून काढला, समोरच्या खुर्चीवर टेकवून ठेवला, थोडा तिरका, आणखी थोडा, आणि मग बसली. आरशात तिला बाबांचे डोळे दिसले आणि बाबांना तिचे ओठ.

"तर मंगळवारी काय झालं," तिने सुरुवात केली.

बाबांनी पळीभर तेल हातावर घेतलं. "थांब, हळू बोल," ते म्हणाले. "मला सगळं हवंय."

मी फळीवर होते. नेहमीसारखी डुगडुगत. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं भांडं, एखादी खुर्ची, एखादं माणूस असेल, जरा वाकडं, जरा हलणारं, एका जागी न बसणारं. त्याला ठोकून सरळ करायला निघाल तेव्हा आधी विचारा की त्याचं ते वाकडेपण कुणाच्या उपयोगाचं आहे का. आणि विचाराल तेव्हा पाठीमागून विचारू नका. समोर येऊन विचारा.